कपांच्या शेजारी मकोंडे : पार्ल्यातल्या एका चहा-बैठकीचे प्रकरण

विलेपार्ले पूर्वेला आम्ही पाच बायका आणि दोन पुरुष गेली काही वर्षे एक महिना सोडून एका रविवारी कोणाच्या ना कोणाच्या घरी चहाला जमतो. यजमानाने पाणी, दूध आणि खाणे यांची सोय करायची. इतरांनी आपल्या आवडीची चहापत्ती आणि घरातले एखादे चहाचे भांडे आणायचे आणि ते भांडे आपल्याकडे कसे आले हे सांगायचे, एवढाच नियम. मी एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झाले असल्यामुळे नोंदी ठेवण्याचे काम आपोआप माझ्याकडे आले. पुढचा वृत्तांत त्याच नोंदवहीतला आहे. ज्यांच्या घरी हे घडले त्या काकूंनी तो लिहायला संमती दिली; फक्त नावे नकोत, म्हणाल्या.

प्रकरण तसे किरकोळ आहे. शंभर ग्रॅम चांगला दार्जिलिंग वाया गेला, एका टेबलक्लॉथला डाग पडला आणि एका घरात पन्नासहून अधिक वर्षे सांगितली जाणारी गोष्ट थोडी बदलली. परंतु या तिन्हींचे मूळ एकच निघाले. काकूंच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात जपानी कप, लाकडी मूर्ती, दगडी वाडगा आणि एक पांढरी सुरी असे सगळे शेजारी शेजारी उभे होते आणि घरात त्या सगळ्यांना मिळून एकच नाव होते: ‘आफ्रिकेचं’.

काकू चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्यांचे सासरे १९५१ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या दार-ए-सलामच्या बंदरात हिशेबनीस म्हणून रुजू झाले. १९६४ च्या जानेवारीत झांझिबारमध्ये क्रांती झाली, त्याच महिन्यात टांगानिकाच्या (म्हणजे आजच्या टांझानियाच्या मुख्य भूमीच्या) लष्करात बंड झाले, आणि त्या वर्षी पावसाळ्याआधी हे कुटुंब बी. आय. (ब्रिटिश इंडिया) कंपनीच्या ‘करंजा’ बोटीने मुंबईला परतले. बोटीचे नाव ऐकून सासूबाईंना उरणकडचे करंजा आठवायचे, असे काकू सांगतात. सोबत चार लाकडी खोकी होती. १९७३ मध्ये काकू लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा त्या खोक्यांतले सामान कपाटात लागलेले होते, आणि स्वयंपाकघरात काही शब्द उरलेले होते, जे आजही आहेत: दुधाचा टोप म्हणजे ‘सुफुरिया’, किटली म्हणजे ‘बिरिका’, आणि चहात आले घालायचे तर ‘तंगाविझी टाक’. चहाला मात्र तिकडच्या स्वाहिली भाषेतही ‘चाय’च म्हणतात, त्यामुळे तेवढ्यापुरते काही शिकावे लागले नाही.

काकूंची इमारत पुनर्विकासाला गेली असून नोव्हेंबरपर्यंत जागा रिकामी करून द्यायची होती. एक मुलगा ठाण्याला, दुसरा टोरांटोला. कपाटातले सामान दोघांत वाटून टाकण्याआधी ते एकदा सगळ्यांना नीट दाखवावे या विचाराने त्यांनी जुलैची बैठक मागून घेतली, आणि आम्हीही कौतुकाने सांगितले की फक्त कप नकोत, मूर्तीही टेबलावर मांडा. चूक तिथून सुरू झाली आणि ती काकूंची नव्हती.

जुलैतला तो रविवार

पाऊस जोर धरून होता. आमच्यातल्या एका वहिनींनी लोकल बंद पडेल या धास्तीने आपला दार्जिलिंगचा डबा शनिवारीच काकूंकडे पोहोचवला होता. काकूंनी तो सांभाळून त्याच काचेच्या कपाटात ठेवला. त्या कपाटात प्रत्येक फळीवर, मूर्तींना कीड लागू नये म्हणून, डांबरगोळ्या होत्या.

रविवारी चार वाजता पहिले पाणी ओतले. उन्हाळी तोडणीचा तो दार्जिलिंग, रंग नेमका आला होता, पण कप नाकाशी नेताच सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ट्रंकेतली शालू-पैठणी आली. कोणी काही बोलेना. शेवटी आमच्यातले सर्वांत धाकटे सदस्य, जे एरवी फार मवाळ बोलतात, म्हणाले, “काकू, चहा छान आहे, पण लग्नाला निघाल्यासारखं वाटतंय.” चहापत्ती कोणताही वास ओढून घेते. चीनमध्ये फूचौचा मोगऱ्याचा चहा याच गुणावर बनतो: रात्री उमलणारा मोगरा आणि पत्ती थरांनी रचतात, पत्ती वास पिते, फुले काढून टाकतात आणि पुन्हा ताजी फुले घालतात. इकडे मोगऱ्याऐवजी नॅप्थॅलिन होते. वहिनींचा डबा जुना होता आणि झाकण सैल होते. एका रात्रीत काम झाले.

दुसरा चहा काकूंनी स्वतः केला, टोपात उकळलेला, आले घातलेला, साध्या दाणेदार पत्तीचा. तो उत्तम झाला. या दाणेदार चहाचे यंत्र १९३१ मध्ये आसामात विल्यम मॅककर्चर यांनी काढले आणि आज केनियाचा बहुतेक चहा याच पद्धतीने होतो, त्यामुळे नैरोबी-मोम्बासाकडचा दुधाचा चहा आणि आपल्याकडचा चहा चवीने एकमेकांच्या जवळचे आहेत. काकूंच्या सासूबाईंना मुंबईत परत आल्यावर चहाची सवय बदलावी लागली नाही, याचे कारण बहुधा हेच असावे.

हा दुसरा चहा पिताना डाग दिसला. टेबलावर पांढरा टेबलक्लॉथ होता. मध्यभागी उंच मूर्ती, दोन्ही बाजूंना मसाई या पूर्व आफ्रिकेतल्या जमातीच्या स्त्री-पुरुषाची दोन कोरलेली लाकडी डोकी, आणि भोवती कप. हवा दमट, खिडक्या बंद, टोपाची वाफ टेबलावर. कोणीतरी मसाई पुरुषाचे डोके हातात घेऊन पाहिले आणि परत ठेवले, आणि त्याच हाताने कप उचलला. कपाच्या पांढऱ्या कडेवर अंगठ्याचा काळसर ठसा उमटला. डोके उचलले तर त्याखाली टेबलक्लॉथवर तपकिरी-काळे वर्तुळ, आणि त्या वर्तुळात, अगदी कडेला, चिमूटभर पिवळट पीठ. काकूंना वाटले, ते बेसनाच्या लाडवाचे आहे. त्यांनी ते बोटाने टिपले. सुदैवाने चाखले नाही.

याच वेळी तिसरा प्रकार घडला, ज्याची मला आजही लाज वाटते. कपाटातली पांढरी सुरी पाहून आमच्यापैकी एकीने फोटो काढला, ‘काकूंकडची हस्तिदंती सुरी’ अशी ओळ लिहून तो आमच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला, आणि दुसरीने तिथल्या तिथे विचारले, “काकू, ही द्याल का? काय ते सांगा.” हे सगळे मी पाहत होते आणि मला ते त्या क्षणी खटकले नाही.

वस्तू काय सांगत होत्या

आमच्या एका सदस्याची भाची कलावस्तूंच्या जतन-संवर्धनाचे काम करते. पुढच्या शनिवारी ती आली. आल्याबरोबर तिने दोन गोष्टी केल्या: डांबरगोळ्या बाहेर काढायला लावल्या, आणि काकूंना सांगितले, “तुम्हाला जे माहीत आहे ते आधी सगळं सांगा, मी मध्ये बोलणार नाही.” काकू पाऊण तास बोलल्या. मी लिहून घेतले. मग तिने एकेक वस्तू हातात घेतली.

सर्वांत आधी उंच मूर्ती. चाळीस सेंटिमीटर उंचीचा, एकाच ओंडक्यातून कोरलेला स्तंभ; खालपासून वरपर्यंत एकमेकांच्या खांद्यांवर, पाठींवर, मांड्यांवर चढलेली माणसे. मोजल्यावर एकोणीस निघाली, त्यातले एक मूल आईच्या पाठीआड असल्यामुळे घरातल्या कोणी आजवर पाहिले नव्हते. काकूंच्या घरात याला ‘कुटुंबाचा खांब’ म्हणत आणि सासऱ्यांनी तो नोकरीवर रुजू झाल्या झाल्या, १९५१ मध्ये, पहिल्या पगारात घेतला अशी कथा होती. वजन भरले दोन किलो आठशे ग्रॅम. इतक्या कोरीव, आरपार भोके असलेल्या वस्तूला हे वजन फार झाले, आणि लाकूड ओळखायला तेवढे पुष्कळ होते. हे ‘म्पिंगो’. एका घनमीटरला सुमारे १२०० किलो भरणारे, पाण्यात टाकले तर बुडणारे, क्लॅरिनेट आणि ओबो ज्यापासून करतात ते लाकूड. स्तंभाच्या पायथ्याशी एका बाजूला पिवळसर पट्टा होता. काकूंना तो खराब झालेला भाग वाटे, पण तो सालीलगतचा कोवळा भाग आहे आणि गाभ्याचा काळा रंग अस्सल असल्याची ती खूणच आहे.

घरात याला आबनूस म्हणत. ते तसे नाही. आबनूस हे टेंभुर्णीच्या कुळातले. ज्या झाडाच्या पानांच्या आपल्याकडे विड्या वळतात त्याचे शास्त्रीय नाव डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन. म्पिंगो म्हणजे डालबर्गिया मेलॅनोझायलॉन, म्हणजे आपल्या शिसवीचे भावंड. आडनाव वेगळे, पण पुढचे नाव दोघांचे एकच, आणि त्याचा अर्थ ‘काळे लाकूड’ इतकाच. काकूंच्या माहेरचा शिसवी झोपाळा आणि सासरचा हा खांब एका कुळातले निघाल्याचा त्यांना झालेला आनंद त्या दिवशी इतर कशानेही झाला नाही.

कोरणारे हात मकोंडेंचे. मकोंडे लोकांची वस्ती उत्तर मोझांबिकच्या म्वेडा पठारावर आणि रुवुमा नदीच्या अलीकडे आग्नेय टांझानियात आहे. पोर्तुगीज अमलातल्या हलाखीमुळे आणि कामाच्या शोधात त्यांतले पुष्कळ लोक उत्तरेला दार-ए-सलामपर्यंत आले. एकावर एक माणसे रचलेला स्तंभ ही घडण दार-ए-सलाममध्ये १९५० च्या दशकाच्या अखेरीस याकोबो सांगवानी या मकोंडे कारागिरापासून रुळली, असे मानले जाते. पुढे १९६७ च्या आरुशा जाहीरनाम्यानंतर टांझानियाचे अध्यक्ष न्येरेरे यांच्या धोरणाचा ‘उजामा’ हा शब्द सर्वतोमुखी झाला आणि या स्तंभांनाही तेच नाव चिकटले. उजामाचा अर्थ ढोबळपणे ‘कुटुंबपण’. काकूंच्या घराने बाहेरचे काही न वाचता जे नाव ठेवले होते ते अर्थाने तंतोतंत बरोबर होते. चुकली होती ती तारीख. १९५१ च्या पहिल्या पगारात अशी वस्तू मिळाली नसती. ती मुक्कामाच्या शेवटच्या काही वर्षांत, कदाचित निघतानाच, घेतलेली असणार.

काकू गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे पहिल्या पगाराची नाही, शेवटच्या पगाराची.” आणि जरा वेळाने, “सासूबाई म्हणायच्या खऱ्या, की निघताना घरात खायला नव्हतं आणि हे लाकूड घेऊन आले.” ही दुसरी आठवण आधीच्या पाऊण तासात आली नव्हती. माझ्या मते या प्रकरणातला हा सर्वांत मोलाचा क्षण होता. घरची कथा खोटी ठरवली असती तर ती आठवण आली नसती. कथा एका बाजूला आणि वस्तू एका बाजूला ठेवून दोन्हींकडे पाहिल्यामुळे ती आली.

दुसरी मकोंडे मूर्ती लहान आहे: एक डोळा, लांब वाकडा हात, पोटाच्या जागी पोकळी. घरातली मुले तिला घाबरत म्हणून ती मागच्या फळीवर. ही ‘शेतानी’ प्रकारातली. शब्द ओळखीचा वाटला तर तो आहेच, अरबीतून स्वाहिलीत गेलेला आणि अरबी-फारसीतून आपल्याकडे ‘सैतान’ म्हणून आलेला. या घडणीचा आद्य कारागीर म्हणून सामाकी लिकांकोआ यांचे नाव घेतात, आणि तिला गिऱ्हाईक मिळवून देण्यात दार-ए-सलाममधले भारतीय वंशाचे व्यापारी मोहमद पीरा यांचा मोठा वाटा होता. आफ्रिकेची पारंपरिक म्हणून जगभर पोहोचलेली ही कला अशी अगदी अलीकडची, शहरी, आणि काही अंशी आपल्याच दुकानदारीत वाढलेली आहे. ‘प्राचीन आदिवासी मूर्ती’ म्हणून तिच्याकडे पाहणे हा तिच्यावर अन्याय आहे.

आता ज्यांनी डाग पाडला ती मसाई डोकी. उंची बावीस सेंटिमीटर, वजन सहाशे वीस ग्रॅम. उंच स्तंभाच्या तुलनेत ही हातात कागदासारखी लागतात. भाचीने तळाशी, न दिसणाऱ्या जागी, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा हलकेच फिरवला. बोळा काळा झाला आणि खालून फिकट पिवळे लाकूड डोकावले. बुटाचे पॉलिश. ही केनियातल्या कांबा लोकांची बाजारी कोरणी. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुतिस्या मुंगे नावाचा कांबा कारागीर टांगानिकात झारामो लोकांकडून ही विद्या शिकला आणि ती केनियातल्या वामुन्यु गावी घेऊन गेला. पुढे गावेच्या गावे त्यावर जगू लागली, आणि काळ्या लाकडाला मागणी पाहून हलक्या लाकडाला पॉलिश चढवण्याची रीत पडली. ती फसवणूक म्हणायची की रंगकाम, यावर आमच्यात बराच वाद झाला. मला ते रंगकाम वाटते: सोळा आण्यांच्या वस्तूला वीस आणे घेतले असतील, पण डोळ्यांच्या पापण्या आणि कानांतली कुंडले ज्या हाताने काढली आहेत तो हात लबाडाचा नाही.

मेण आणि रंग यांचे हे पॉलिश जुलैच्या दमट हवेत आणि टोपाच्या वाफेत मऊ पडले, बोटांना लागले आणि बोटांवरून कपाला. पिठाचे कारण वेगळे. पुरुषाच्या डोक्याच्या तळाशी टाचणीच्या डोक्याएवढी सात भोके होती, कडा धारदार आणि आतून ताज्या रंगाच्या, म्हणजे लाकूड पोखरणारा भुंगेरा आत आहे किंवा नुकताच बाहेर पडला आहे. म्पिंगोचा गाभा या किड्याला सहसा पेलत नाही; हलके लाकूड आवडते. डांबरगोळ्यांचा उपयोग काय झाला? वारंवार उघडणाऱ्या कपाटात, लाकडाच्या आत दडलेल्या अळीपर्यंत ती वाफ पुरेशी पोहोचत नाही. चहापर्यंत मात्र पोहोचली.

दगडी वाडगा केनियातल्या किसीकडचा, तबाका गावच्या मऊ दगडाचा. आपण ज्याला शंखजिरे म्हणतो त्याच जातीचा. काकू त्यात साखर ठेवतात. ठेवू द्यावी.

कप

सहा कप-बशा, एक बिरिका, दूधदाणी. अंड्याच्या टरफलासारखे पातळ, बाहेरून उठावदार करडा ड्रॅगन, आणि कप उजेडाकडे धरला की बुडात एका जपानी स्त्रीचा चेहरा दिसतो. तो रंगवलेला नसतो. पातळ चिनीमातीची जाडी कमी-जास्त करून उमटवलेला असतो, त्यामुळे चहा संपवून कप वर उचलला तरच दिसतो. दुधाच्या चहाचा तळ राहिला तर तोही नाही. काकूंना तो लग्नानंतर आठ महिन्यांनी, कप विसळून खिडकीशी धरला तेव्हा दिसला. सासूबाईंना विचारले तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, “सापडली का तुला? मला दोन वर्षं लागली होती.”

घरची कथा अशी की हा सेट आजेसासऱ्यांना १९२६ साली त्यांच्या गोऱ्या साहेबाने दिला. बशीच्या पाठीवर लाल अक्षरांत ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असे छापले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात असताना निर्यातीच्या मालावर हा शिक्का येऊ लागला, आणि २८ एप्रिल १९५२ ला शांतता करार अमलात येऊन तो काळ संपला. १९२६ चा कप असा शिक्का बाळगूच शकत नाही. त्याआधीच्या जपानी मालाचेही कालखंड शिक्क्यावरून कळतात: अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यामुळे १८९१ पासून देशाचे नाव घालणे भाग पडले तेव्हा ‘निप्पॉन’, आणि १९२१ पासून ‘जपान’. सासरे १९५१ मध्ये दार-ए-सलामला पोहोचले, हे त्यांच्या जुन्या पासपोर्टवर आहे. तेव्हा कप त्यांनीच, तिथल्या एखाद्या दुकानातून, पहिल्या वर्षा-दोन वर्षांत घेतले असणे सर्वांत सयुक्तिक. कदाचित पहिल्या पगाराची वस्तू हीच असेल. कथेत वस्तूंची अदलाबदल झाली असेल. हे मी कदाचित म्हणून लिहिते आहे आणि नोंदवहीतही तसेच लिहिले आहे.

साहेब गेला याचे काकूंना अजिबात वाईट वाटले नाही.

वापराच्या दृष्टीने कपांना दोष नव्हता. रंगकाम बाहेरच्या बाजूला असल्याने चहाशी त्याचा संबंध येत नाही. पातळ मातीला एकदम उकळते पाणी सोसत नाही म्हणून आधी कोमट पाणी फिरवून घ्यायचे. एका कपाचा कान डिंकाने चिकटवलेला आहे, तो फक्त पाहायला. अंगठ्याचा ठसा साबणाच्या पाण्याने निघाला, कारण झिलई शाबूत होती. टेबलक्लॉथचा डाग अजून आहे.

सुरी

ही गोष्ट आम्ही सर्वांत शेवटी घेतली आणि दार लावून घेतली. भारतात हस्तिदंताचा व्यापार पूर्ण बंद आहे. आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंतालाही १९९१ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात ही बंदी लागू झाली, आणि मालकीचे प्रमाणपत्र नसेल तर अशी वस्तू नुसती जवळ ठेवणेही अडचणीत आणू शकते. ‘काय ते सांगा’ हे आपुलकीने विचारलेले वाक्य कायद्याच्या भाषेत खरेदीचा प्रस्ताव होते, आणि तो फोटो त्या प्रस्तावाशेजारी सात फोनांमध्ये पडला होता.

दहापट भिंगाखाली भाचीने सुरीचा आडवा छेद, म्हणजे मुठीचे टोक, पाहिले. हस्तिदंत असता तर तिथे एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसली असती. तशी दिसली नाही. त्याऐवजी पात्यावर लांबीच्या दिशेने बारीक काळपट रेघा आणि टोकाशी त्याच रंगाचे सूक्ष्म ठिपके होते, म्हणजे हाडातल्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या. हाड, बहुधा गाईगुरांचे. तापलेली सुई टोचून पाहण्याचा जुना उपाय कोणीतरी सुचवला. तिने तो झिडकारला, कारण त्याने वस्तूला कायमचे भोक पडते आणि कळते फारसे काही नाही. सुरी आता काकूंच्या पत्रांच्या पेटीत आहे. गटावरचा फोटो त्याच संध्याकाळी काढून टाकला, आणि आमच्या नियमांत एक वाक्य वाढले: बैठकीत कोणीही कोणाच्या वस्तूची किंमत विचारायची नाही.

म्पिंगोबाबत मात्र कागदपत्रांचा प्रश्न खरा होता, कारण खांब टोरांटोला जावा अशी धाकट्या मुलाची इच्छा होती. डालबर्गिया कुळातल्या, ब्राझीलची एक जात वगळता, सर्व झाडांचे लाकूड २ जानेवारी २०१७ पासून वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. तयार वस्तूंना एका खेपेत दहा किलो लाकडापर्यंत सूट आहे, त्यामुळे दोन किलो आठशे ग्रॅमचा खांब त्यात बसतो. तरी पाठवण्याआधी दोन्हीकडच्या कस्टमचे नियम विचारून घ्यावेत, असे आम्ही सुचवले. मुलाने व्हिडिओ कॉलवर सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, “आई, तिकडे हिवाळ्यात हीटरनं हवा इतकी कोरडी होते की माझे ओठ फुटतात. खांब फुटेल. दादाकडेच राहू दे.” त्याने कप मागितले.

तेल

भाचीने लिहून दिलेल्या सूचना थोड्या होत्या. मूर्तींवरची धूळ मऊ ब्रशने, कोरडीच झाडायची. पाणी, फर्निचरचे पॉलिश नको. भिंतीला टेकवून, वातानुकूलन यंत्राच्या झोतात किंवा खिडकीच्या उन्हात ठेवायचे नाही. चहा आणि लाकूड एका कपाटात नको. आणि तेल लावायचे नाही.

इथे काकू अडल्या. खांबाच्या खोबणींत तपकिरी चिकट थर होता, त्यात वर्षानुवर्षांची धूळ बसली होती. तो खोबरेल तेलाचा होता. “अगं, नरक चतुर्दशीला अभ्यंगाचं तेल उरायचं ते सासूबाई त्यालाच लावायच्या. घरातली पहिली आंघोळ त्याची. मी पण तेच करते. पन्नास वर्षं झाली.”

संवर्धनाच्या दृष्टीने उत्तर स्पष्ट आहे: खोबरेल खवट होते, चिकटते, धूळ धरते, आणि म्पिंगोसारख्या घट्ट लाकडात ते मुरतही नाही. मला स्वतःला हे उत्तर अपुरे वाटले, कारण तो थर धूळ असला तरी तीच या वस्तूची मुंबईतली पन्नास वर्षेही आहेत. भाचीने, मला वाटते शहाणपणाने, मध्यम मार्ग काढला. थर खोबणींतून काढायचा नाही, फक्त वरचा मोकळा चिकटपणा कोरड्या मलमलीने टिपायचा. यापुढे तेल नाही. नरक चतुर्दशीला पहाटे त्याच मलमलीने पुसून उटण्याची वाटी शेजारी ठेवायची. “वास लागेल त्याला,” ती म्हणाली, “तेवढं चालेल. चहा लांब ठेवा.”

पुढे काय केले

कीड लागलेल्या डोक्यासाठी गोठवण्याचा उपाय ठरला. दोन्ही डोकी सुती कापडात गुंडाळून, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत शक्य तितकी हवा काढून बंद केली. घरच्या फ्रिजची थंडी सारखी वर-खाली होते, म्हणून आमच्या एका सदस्याच्या मुलाच्या केटरिंगच्या डीप फ्रीझरमध्ये, उणे वीस अंशांवर, ती दोन आठवडे ठेवली. पिशव्यांवर मी प्रयोगशाळेच्या सवयीने मार्करने लिहिले होते: ‘डोके क्र. १’, ‘डोके क्र. २, उघडू नये’. तिसऱ्या दिवशी तिथल्या आचाऱ्याचा फोन आला. त्याला समजावायला वीस मिनिटे लागली, आणि तरीही त्याने त्या फ्रीझरातले मटार वापरले नाहीत असे नंतर कळले. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस न उघडता ठेवली, नाहीतर मुंबईच्या हवेतले पाणी थंड लाकडावर धरले असते. म्पिंगोच्या मूर्ती गोठवल्या नाहीत. त्यांना कीड नव्हती आणि विनाकारण तडा जाण्याचा धोका होता.

सप्टेंबरची बैठक ठाण्याला, काकूंच्या मोठ्या मुलाकडे झाली. कप टेबलावर होते आणि त्यांतून चहा प्यायला. मूर्ती दुसऱ्या खोलीत, तिपाईवर, चहा संपवून हात धुऊन पाहायच्या. प्रत्येक वस्तूशेजारी एक कार्ड होते, त्यावर दोन रकाने: ‘घरात काय सांगतात’ आणि ‘वस्तूवर काय दिसते’. पहिला रकाना काकूंच्या अक्षरात होता. खांबाच्या कार्डावर त्यांनी ‘पहिल्या पगारात घेतला’ हे वाक्य खोडले नव्हते. त्याखाली ‘सासूबाई : शेवटच्या’ एवढेच लिहिले होते. दुपारी दार्जिलिंग झाला, या वेळी घट्ट झाकणाच्या नव्या डब्यातला, आणि काकूंच्या आठ वर्षांच्या नातीने आपला कप रिकामा करून ट्यूबलाइटकडे धरला. तिला कोणीच काही सांगितले नव्हते.

मसाई पुरुषाचे डोके काळ्या कागदावर ठेवले आहे, पीठ पडले तर दिसावे म्हणून. दर रविवारी पाहायचे आणि मला कळवायचे असे ठरले. नोंदवहीत आतापर्यंत अकरा नोंदी आहेत. दहा ‘काही नाही’. अकरावी, नरक चतुर्दशीच्या रविवारची, अशी: ‘कागदावर पिवळी पूड. घाबरलो. उटणं निघालं.’